हेडसेट बदलायला निघण्याआधी सेटिंगमधल्या या चुका टाळा

भाच्याचा हेडसेट ‘बिघडला’ म्हणून मला बोलावणं आलं. तक्रार अशी की गेममध्ये शत्रू समोरच्या दारातून येतो आणि पावलं मागून ऐकू येतात. हेडसेट जेमतेम महिन्याभराचा, तरी नव्याची शोधाशोध सुरू झाली होती. लॅपटॉप उघडून पाहिला तर हेडसेटच्या ॲपमध्ये ७.१ सराउंड (चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास) चालू, विंडोजमध्ये त्याचं स्वतःचं सराउंड, म्हणजे विंडोज सॉनिक चालू आणि गेममध्ये एचआरटीएफही चालू. तिघांनी एकाच आमटीत मीठ घातलं होतं.

हेडफोनला स्पीकर दोनच असतात. आवाज पुढून आला की मागून, हे भासवण्यासाठी सॉफ्टवेअर तो दोन कानांत किंचित मागेपुढे पोचवतं आणि डोक्यामुळे, कानाच्या पाळीमुळे आवाजात जो बदल होतो तोही त्यात मिसळतं. एचआरटीएफ म्हणजे हाच हिशोब. तो एकदा केला तर मेंदू फसतो. आधीच हिशोब झालेल्या आवाजावर तोच पुन्हा केला की दिशांचा काला होतो.

म्हणून सराउंड एकाच ठिकाणी ठेवा. गेममध्ये स्वतःची सोय असेल (व्हॅलोरंटमध्ये एचआरटीएफ २०२१ पासून आहे) तर तीच वापरा, कारण शत्रू नेमका कुठे उभा आहे हे गेमलाच ठाऊक असतं. मग ॲपमधलं आणि विंडोजमधलं सराउंड बंद करून आउटपुट स्टिरिओवर ठेवा. डब्यावर ७.१ छापलंय म्हणून ते चालू ठेवलंच पाहिजे असं काही नाही. भाचा त्यानंतरची पहिली फेरीही हरला, पण गोळी कुठून येणार ते त्याला आधी कळलं होतं.

पावलांसाठी इक्वलायझर ताणणं

इक्वलायझर म्हणजे आवाजातले जाड-बारीक सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय. पावलं स्पष्ट यावीत म्हणून त्यातल्या २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्या थेट १० डेसिबल वर ढकलणारे बरेच आहेत. मग बॉम्ब फुटला की आवाज चिरकतो, आणि दोष स्पीकरला. मी उलटं करतो. १०० हर्ट्झच्या खालचा भाग ३-४ डेसिबल कमी करतो. स्फोटांची घरघर उतरली की पावलं आपोआप वर येतात. काही वाढवायचंच असेल तर प्रीॲम्प (इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पट्टी) तेवढ्याच डेसिबलने खाली घ्या.

विंडोजमधल्या लाउडनेस इक्वलायझेशन या सोयीबद्दल माझं मत वाईट आहे. ते बारीक आवाज मोठे करतं आणि मोठे दाबतं. त्यामुळे शेजारच्या खोलीतला माणूस आणि चार खोल्या पलीकडचा माणूस सारखाच वाजतो. रात्री घरचे झोपलेले असताना सिनेमा बघायला मात्र ते उत्तम.

माइक चालू झाला की गाणं फोनवर वाजल्यासारखं

हा प्रकार ब्लूटूथचा. नुसतं ऐकताना आवाज चांगल्या दर्जाचा येतो, पण माइक लागला की जोडणी सहसा हँड्सफ्रीवर जाते. तिथे आवाज मोनो, तोही ८ किंवा १६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचा. कितीही सेटिंग खाजवलं तरी हे सुधारत नाही. डिस्कॉर्डमध्ये (खेळताना मित्रांशी बोलायचं ॲप) इनपुट म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, नाहीतर हेडसेटचा २.४ गिगाहर्ट्झ डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) किंवा वायर वापरा.

मित्र म्हणतात, ‘तुझा आवाज रोबोटसारखा येतोय’? इथेही मीठ दोनदा पडलेलं असतं. गोंगाट कमी करण्याची सोय हेडसेटच्या ॲपमध्येही चालू आणि डिस्कॉर्डमध्येही. एक बंद करा. मागे पंख्याची घरघर येत असेल तर माइक बूस्ट (माइकचा आवाज वाढवणारं सेटिंग) शून्यावर आणा आणि माइक तोंडाजवळ घ्या. स्वतःचाच आवाज उशिराने कानात येत असेल तर माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लिसन टू धिस डिव्हाइस’वरची टिकमार्क काढा.

कॉल लागताच गेमचा आवाज बसतो, हे विंडोजचं जुनं दुखणं. टास्कबारवरच्या स्पीकरवर राइट-क्लिक करून साउंड सेटिंग्जमध्ये जा, खालचं ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ उघडा आणि कम्युनिकेशन्स टॅबमध्ये ‘डू नथिंग’ निवडा. मुळात तिथे इतर आवाज ८० टक्के कमी करण्याचा पर्याय निवडलेला असतो.

आणि ती पिन

वायरच्या हेडसेटचा माइक डेस्कटॉपवर अजिबात चालत नसेल तर ड्रायव्हरला हात लावण्याआधी पिन बघा. तिच्यावर तीन काळ्या रेघा असतील तर आवाज आणि माइक एकाच पिनेत आहेत. लॅपटॉपच्या एकाच जॅकमध्ये ती चालते. डेस्कटॉपला मात्र बहुधा हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी छिद्रं असतात, आणि हिरव्यात खुपसली की ऐकू येतं पण बोलता येत नाही. वाय आकाराचा स्प्लिटर लावला की काम झालं. मी एकदा याच कारणासाठी अख्खं विंडोज पुन्हा टाकलं होतं.