समानार्थी शब्द निवडताना: कापूस, कपाशी आणि पऱ्हाटी

कृषी विद्यापीठाचा सल्ला गावाच्या फलकासाठी पुन्हा लिहायचा असला की पहिला मोह होतो तो शब्दाच्या जागी शब्द बसवण्याचा. मीही एकदा तेच केले. 'कपाशी' हा शब्द दोनदा आला म्हणून दुसऱ्या ठिकाणी 'कापूस' लिहिले, आणि दिवाळीच्या सुमारास फलकापुढे उभ्या असलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, "काहो भाऊ, कापूस तं घरात पडला हाये, मंग त्याच्यावरच फवारा मारू काय?" वावरात उभी असते ती कपाशी, वऱ्हाडी बोलण्यात पऱ्हाटी, बोंडातून वेचून आणतात तो कापूस, आणि सरकी वेगळी केल्यावर उरते ती रुई. कोशात शेजारी बसणारे हे शब्द कामाच्या वेळी एकमेकांची जागा घेत नाहीत.

म्हणून लेखणी चालवण्यापूर्वी मूळ मजकुरातील न बदलण्याचे शब्द अधोरेखित करावेत. सातबारा, फेरफार, गुलाबी बोंडअळी, औषधाचे नाव आणि त्याची मात्रा यांना पर्याय शोधू नये. 'फेरफार' ऐवजी 'बदल' लिहिले, तर तलाठ्याकडे नेमके काय मागायचे हेच वाचणाऱ्याला कळणार नाही. असा शब्द चार वेळा आला तरी चालतो. शाळेत पुनरुक्तीची जी भीती घातली जाते, ती निबंधापुरती ठीक आहे.

उरलेल्या शब्दांना पर्याय निवडताना तो कोणत्या क्रियापदाबरोबर नांदतो हे पाहावे. दुष्काळ पडतो, टंचाई भासते आणि रोगाची साथ येते. 'नुकसान', 'हानी' आणि 'तोटा' वरवर सारखे दिसतात. परंतु तोटा व्यवहारात येतो, जीवाची होते ती हानी, आणि गारपिटीने पिकाचे होते ते नुकसान. शब्द बदलला की लिंगही बदलू शकते, त्यामुळे 'मोठा दुष्काळ' काढून 'टंचाई' घातल्यावर 'मोठा' तसाच राहून जाणे ही नेहमीची चूक आहे.

एक वाक्य घेऊ: "सततच्या पावसामुळे सोयाबीनचे मोठ्या प्रमाणावर नुकसान झाले असून शेतकऱ्यांनी भरपाईची मागणी केली आहे." कोश उघडून बसलेला लेखक लिहील, "निरंतर पर्जन्यामुळे सोयाबीनची विशाल प्रमाणात हानी झाली असून कृषकांनी मोबदल्याची याचना केली आहे." येथे मोबदला म्हटल्यावर रस्त्यात किंवा धरणात गेलेली जमीन आठवते, आणि याचनेने तर हक्काची मागणी भीक होऊन बसते. त्यापेक्षा मूळ कागद उलटा ठेवून आशय आठवावा आणि वाक्याची घडणच बदलावी. माझा पहिला प्रयत्न होता, "पावसाने उघडीप दिली नाही आणि सोयाबीन हातचे गेले." वाक्य बोलके आहे, पण सगळेच पीक गेले असे मूळ मजकूर सांगत नाही. अखेर मी लिहिले, "पावसाने उघडीप न दिल्याने सोयाबीनला मोठा फटका बसला असून, भरपाई मिळावी अशी शेतकऱ्यांची मागणी आहे." 'मागणी' मुद्दाम तशीच ठेवली.

वाचणारा कोठला, यावरही निवड ठरते. भंडारा-गोंदियाकडे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, धानाची रोवणी होते, तर कोकणात भाताची लावणी. 'भात' म्हटले की आपल्याकडे विदर्भात ताटातला भात डोळ्यांपुढे येतो. गावच्या फलकावर 'धुरा' लिहावे, पण तोच मजकूर पुण्याच्या मासिकाकडे पाठवताना 'बांध' करावे.

शेवटी मूळ कागद पुन्हा समोर घेऊन आकडे ताडून पाहावेत, आणि खाली सल्ला कोणाचा व कोणत्या तारखेचा ते लिहावे. हवामानावर आधारित कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तारीख नसेल, तर शुक्रवारचा मजकूर लोक पुढच्या आठवड्यातही वाचून फवारणीला निघतात.