वेगवेगळ्या लांबीचे ॲरे एकत्र ठेवून त्यांवर लूप कसा चालवावा

समजा तीन सेन्सर आहेत. पहिल्याकडून ५ नोंदी आल्या, दुसऱ्याकडून ३ आणि तिसऱ्याकडून ८. तिन्हींवर गणित एकच करायचं आहे. अशा वेळी हात आपोआप क्ष१, क्ष२, क्ष३ अशी व्हेरिएबल करायला जातो आणि त्याच चार ओळी तीनदा चिकटवल्या जातात. सेन्सर तीनशे झाले की काही जण व्हेरिएबलचं नाव मजकूर जोडून तयार करतात आणि इव्हॅलमधून (मजकुरालाच कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनमधून) चालवतात. त्या वाटेला जाऊ नका. चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे ते कळत नाही आणि एडिटरलाही ती नावं दिसत नाहीत. व्हेरिएबलच्या नावात क्रमांक घालावासा वाटला, तर तो क्रमांक खरं म्हणजे इंडेक्स व्हायला हवा.

दुसरा मोह द्विमितीय ॲरेचा. त्यात सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या असतात, म्हणूनच कुठलाही घटक मेमरीत कुठे आहे ते एका गुणाकार-बेरजेत काढता येतं. लांब्या असमान झाल्या की तो हिशेब कोसळतो. पुढची उदाहरणं मुख्यतः पायथन आणि नमपायची (पायथनमधली आकड्यांच्या ॲरेंची लायब्ररी) आहेत. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एनपी हे नमपायचं नेहमीचं छोटं नाव.

पायरी १: आधी साधी लिस्ट

रिकामी लिस्ट घ्या, प्रत्येक सेन्सरचा नमपाय ॲरे तिच्यात अपेंड करा आणि लिस्टवर लूप चालवा. क्रमांकही हवा असेल तर एन्युमरेट वापरा. सेन्सरांना नावं असतील तर लिस्टऐवजी डिक्शनरी घ्या. पायथन ३.७ पासून डिक्शनरीत नोंदी घातल्या त्याच क्रमानं मिळतील याची हमी आहे. दहापैकी आठ कामांना एवढंच पुरतं. प्रत्येक ॲरेत हजारो आकडे असतील तर लूपचा वेळ नगण्य असतो, कारण खरं काम नमपायच्या आत होतं.

तरी तीन ठिकाणी ठेच लागते.

पहिली: फाइल वाचताना एकच बफर पुन्हा पुन्हा भरला जातो आणि त्याचा तुकडा लिस्टमध्ये टाकला जातो. तुकडा म्हणजे प्रत नव्हे, त्याच मेमरीकडे पाहणारी खिडकी. शेवटी लिस्टमधल्या सगळ्या ॲरेंत शेवटच्या वाचनाचेच आकडे दिसतात. अपेंड करताना कॉपी करा.

दुसरी: आत एक रिकामी लिस्ट असलेल्या लिस्टला गुणून दहा कप्पे केले, तर दहाही कप्पे एकच लिस्ट असतात. एकात टाकलं की दहांत दिसतं.

तिसरी: वेळेच्या ॲरेंची एक लिस्ट आणि मोजमापांची दुसरी अशी जोडी झिपनं (दोन लिस्टांचे घटक जोडीनं देणाऱ्या फंक्शननं) चालवताना एक लिस्ट अपुरी असेल, तर झिप मुकाट्यानं लवकर थांबतो. पायथन ३.१० पासून झिपला स्ट्रिक्ट हा पर्याय आहे. तो चालू ठेवला की गप्प बसण्याऐवजी एरर येते.

ऑब्जेक्ट ॲरेबद्दल थोडं

असमान लिस्टांची लिस्ट सरळ नमपायच्या ॲरे फंक्शनला दिली, तर जुन्या आवृत्त्या ऑब्जेक्ट प्रकारचा ॲरे करून द्यायच्या. १.१९ पासून इशारा येऊ लागला आणि १.२४ पासून थेट व्हॅल्यूएरर येते. जुना कोड नव्या मशीनवर अचानक अडतो त्याचं हे एक नेहमीचं कारण. डीटाइप ऑब्जेक्ट लिहून ती एरर घालवता येते, पण त्यानं खरी गोम सुटत नाही. एखाद्या दिवशी तिन्ही सेन्सरांकडून ४-४ नोंदी आल्या, तर तीन घटकांच्या एकमितीय ॲरेऐवजी ३ गुणिले ४ चा द्विमितीय ॲरे मिळतो. म्हणजे डेटा नीटनेटका असतो त्याच दिवशी कोड मोडतो. ऑब्जेक्ट ॲरे हवाच असेल तर एनपी.एम्प्टीनं हव्या तेवढ्या कप्प्यांचा रिकामा ऑब्जेक्ट ॲरे करा आणि लूपमध्ये एकेक कप्पा भरा. पण आत नुसते पॉइंटरच (दुसरीकडे असलेल्या डेटाचे पत्ते) असतात, त्यामुळे वेगाचा फायदा जवळजवळ नाही. लिस्ट असताना हा खटाटोप कशाला, हे विचारून पाहावं.

पायरी २: भरती घालायची का, ते आकड्यांनी ठरवा

सगळ्या ओळी सर्वांत लांब ओळीएवढ्या करून उरलेल्या जागा भरणं, म्हणजे पॅडिंग. लांब्यांत थोडाच फरक असेल तर हा उत्तम मार्ग आहे. फरक मोठा असेल तर मात्र महागात पडतो. ९९९ ॲरे ५० आकड्यांचे आणि एकच १ लाख आकड्यांचा असेल, तर भरती घातलेला ॲरे १००० गुणिले १ लाख म्हणजे १० कोटी आकड्यांचा होतो. आकड्याला ८ बाइट धरले तर ८०० एमबी. खरे आकडे फक्त १,४९,९५०, म्हणजे सुमारे १.२ एमबी.

भरती शून्यानं कधीच करू नका. २०, २२, २४ यांची सरासरी २२. तीच ओळ शून्यांनी ८ लांबीची केली की सरासरी ८.२५ येते, आणि हा आकडा अगदीच अशक्य दिसत नसल्यानं कुणाला शंकाही येत नाही. नॅन (‘आकडा नाही’ अशी खूण) घाला आणि ती खूण वगळून सरासरी, बेरीज काढणारी नॅनमीन, नॅनसम वापरा. पूर्णांकांत नॅन बसत नाही. ॲरे फ्लोट करावा लागतो, आणि ६४ बिटच्या फ्लोटमध्ये २ च्या ५३व्या घातापुढचे सगळे पूर्णांक जसेच्या तसे राहत नाहीत. मोठे ओळख क्रमांक असे बिघडतात.

आणखी एक गोष्ट. सेन्सर बंद पडल्यामुळे मूळ डेटातच नॅन असेल, तर तो नॅन आणि भरतीचा नॅन वेगळे ओळखू येत नाहीत. म्हणून लांब्यांचा ॲरे वेगळा ठेवाच. त्यावरून मास्क (कुठे खरा डेटा आणि कुठे भरती ते सांगणारा ॲरे) एका ओळीत निघतो: ० पासून सर्वांत मोठ्या लांबीच्या आधीपर्यंतचे स्तंभ क्रमांक घ्या, लांब्या उभ्या मांडा, आणि क्रमांक लांबीपेक्षा लहान असेल तिथे खरा डेटा.

पायरी ३: एकच सपाट ॲरे आणि सीमांची यादी

लाखो छोटे ॲरे असतील तर लिस्टवरचा लूप खरंच रेंगाळतो. तेव्हा सगळे आकडे एकाच लांब ॲरेत सलग ठेवा आणि कुठला तुकडा कुठे सुरू होतो ते दुसऱ्या ॲरेत. विरळ (बहुतेक घटक शून्य असलेलं) मॅट्रिक्स साठवण्याची सीएसआर पद्धत ओळींच्या सीमा अशाच ठेवते.

तुकडे आधी लिस्टमध्ये जमवा आणि शेवटी एकदाच कॉनकॅटिनेट करा. लूपच्या आत एनपी.अपेंड वापरू नका. तो दर वेळी अख्खा ॲरे नव्यानं उतरवतो, त्यामुळे डेटा दुप्पट झाला की वेळ चौपट होतो.

आपल्या उदाहरणात लांब्या ५, ३, ८. त्यांची चढती बेरीज घेऊन पुढे शून्य लावलं की सीमा मिळतात: ०, ५, ८, १६. तुकडे तीन, सीमा चार. ही एक जादा सीमा टाळू नका. तिच्यामुळे कुठलाही तुकडा आपल्या सीमेपासून पुढच्या सीमेपर्यंत एकाच नियमानं कापता येतो, शेवटच्या तुकड्यासाठी वेगळी अट लागत नाही.

आता लूपशिवायही बरंच होतं. एनपी.रिपीटनं प्रत्येक आकड्याला त्याच्या तुकड्याचा क्रमांक द्या: पाच वेळा ०, तीन वेळा १, आठ वेळा २. हे क्रमांक बिनकाउंटला (क्रमांकांनुसार मोजणी किंवा बेरीज करणाऱ्या फंक्शनला) द्या, वेट्स म्हणून सपाट ॲरे द्या, की प्रत्येक तुकड्याची बेरीज एका फटक्यात येते. लांब्यांनी भागा, सरासरी मिळाली. ती सरासरी पुन्हा रिपीट करून सपाट ॲरेतून वजा केली की प्रत्येक तुकडा आपापल्या सरासरीभोवती येतो. बिनकाउंटला मिनलेंग्थमध्ये तुकड्यांची संख्या द्यायला विसरू नका, नाहीतर शेवटचा तुकडा रिकामा असला की उत्तर एका घटकानं तोकडं येतं.

या कामाला ॲड.रिड्यूसॲटही (सीमांनुसार तुकड्यांची बेरीज करणारा) सुचवला जातो. रिकामा तुकडा कधीच येणार नसेल तरच तो वापरा. मधला तुकडा रिकामा असेल तर त्याची बेरीज शून्य न येता पुढच्या तुकड्याचा पहिला आकडा येतो, तोही एररशिवाय. शेवटचा रिकामा असेल तर निदान इंडेक्सएरर तरी येते.

सपाट ॲरेतली सर्वांत लबाड चूक सीमेवर होते. १६ आकड्यांवर एनपी.डिफ चालवला की १५ फरक मिळतात, पण त्यांतले दोन खोटे असतात, ४ आणि ७ क्रमांकांवरचे. तिथे एका सेन्सरच्या पहिल्या नोंदीतून आधीच्या सेन्सरची शेवटची नोंद वजा झालेली असते. आतल्या प्रत्येक सीमेतून १ वजा केला की हे क्रमांक मिळतात. ते एनपी.डिलीटनं काढून टाका. चालती सरासरी, फिल्टर, फूरिए रूपांतर असं काही असेल तर सरळ तुकड्यातुकड्यावर लूप चालवा. एनपी.स्प्लिटला फक्त आतल्या सीमा, इथे ५ आणि ८, द्यायच्या. मिळणारे तुकडे पुन्हा खिडक्याच असतात. त्यांत बदल केला की मूळ ॲरे बदलतो. कधी हेच हवं असतं, कधी मुळीच नको असतं.

दुसऱ्या भाषांत

मॅटलॅबमध्ये हे काम सेल ॲरेचं. महिरपी कंसानं आतला ॲरे मिळतो, गोल कंसानं तो ॲरे गुंडाळलेला सेल. निम्म्या एरर या एका गोंधळातून येतात. फॉर लूप थेट सेलवर चालवला तरी हातात सेलच येतो, म्हणून क्रमांकावर लूप चालवून महिरपी कंस वापरा. सेलफन (प्रत्येक सेलवर फंक्शन चालवणारा) प्रत्येक ॲरेमागे एकापेक्षा जास्त आकडे देणार असेल तर युनिफॉर्मआउटपुट फॉल्स करा.

आरमध्ये लिस्ट आणि दुहेरी चौकोनी कंस. तिथे एखाद्या कप्प्यात नल ठेवला की कप्पाच नाहीसा होतो आणि पुढचे सगळे एकेक घर मागे सरकतात. सॅप्लाय (लिस्टच्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणारा) उत्तरं सारख्या लांबीची निघाली की मॅट्रिक्स देतो, असमान असली की लिस्ट. ऑब्जेक्ट ॲरेचीच खोड ही. लॅप्लाय किंवा व्हीॲप्लाय बरा.

फोरट्रानमध्ये ॲलोकेटेबल घटक असलेला डिराइव्हड टाइप करून त्या टाइपचा ॲरे घ्या. ज्युलियात व्हेक्टरांचा व्हेक्टर पुरतो.

साठवताना

ऑब्जेक्ट ॲरे एनपी.सेव्हला दिला तर आत पिकल (पायथनच्या वस्तू फाइलमध्ये साठवण्याची पद्धत) वापरलं जातं, आणि वाचताना अलाऊपिकल मुद्दाम चालू करावं लागतं. अनोळखी फाइलसाठी ते करणं धोक्याचं, कारण पिकल उघडताना त्यातला कोड चालू शकतो. सपाट ॲरे आणि सीमा सेव्हझेडनं एकाच फाइलमध्ये ठेवल्या की पिकल लागतच नाही. वाचल्यावर दोन गोष्टी तपासा: शेवटची सीमा सपाट ॲरेच्या लांबीएवढी आहे का, आणि सीमा कुठेही उतरत तर नाहीत ना.