फेडर खाली ओढूनही आवाज फाटतच राहिला, म्हणून ही यादी

मागच्या वेळी गाण्याच्या कार्यक्रमात साउंड माझ्याकडे होता आणि पहिल्याच तानेला आवाज फाटला. मी घाबरून फेडर (चॅनलचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) अर्ध्यावर आणला. आवाज लहान झाला, पण फाटका तो फाटकाच. कारण तो फेडरपाशी नाही, वर गेनपाशीच (माईकचा सिग्नल मिक्सरमध्ये येताच किती मोठा करायचा ते ठरवणारं बटण) फाटत होता. तेव्हा साउंडचेकची ही यादी आधी माझ्यासाठी, मग तुमच्यासाठी.

वायरी, टेप, हेडफोन: घेतलेच असतील. मिक्सर आधी सुरू करायचा, स्पीकर सगळ्यात शेवटी, नाहीतर धाडकन दणका बसतो. काहीही जोडण्याआधी सगळे फेडर खाली, गेन पूर्ण डावीकडे, ऑक्स (गायकाकडे तोंड केलेल्या मॉनिटर स्पीकरला आवाज पाठवणारं बटण) बंद, ईक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारी बटणं) मध्यावर. आदल्या माणसाने काय करून ठेवलंय यावर विश्वास ठेवू नका. कंडेन्सर माईक असेल तर ४८ व्होल्टचा फँटम (मिक्सरमधून माईकला जाणारी वीज) लागेल. तो चॅनल म्यूट करूनच दाबा. जुना रिबन माईक लावला असेल तर फँटमपासून लांब ठेवा.

आता गेन. चॅनलचं पीएफएल दाबा, म्हणजे मीटरवर त्या एकाच चॅनलची लेव्हल दिसेल. आणि गायकाला गायला लावा. पूर्ण आवाजात. "हॅलो, चेक, वन टू" वर गेन लावायचा नाही. मी तेच केलं होतं. माणूस बोलतो त्याहून तार सप्तकात गातो तेव्हा लेव्हल सहज १५-२० डेसिबलने वर जाते. शिवाय चेकच्या वेळी माईक वीतभर लांब असतो आणि कार्यक्रमात ओठांना टेकतो. तोंडापासूनचं अंतर निम्मं झालं की साधारण ६ डेसिबल तिथेच वाढतात. म्हणून सगळ्यात वरची, सगळ्यात जोराची ओळ मागा, माईक नेहमी धरतात तसाच धरायला सांगा. गायक लाजतील, "तेव्हा बघू" म्हणतील. ऐकू नका. पूर्ण आवाजात! अ‍ॅनालॉग मिक्सरवर सरासरी शून्याच्या आसपास, डिजिटलवर उणे १८ च्या आसपास, आणि जोराच्या जागेलाही तो मोहरीएवढा लाल दिवा लागता कामा नये. वर मोकळी जागा राहू द्या, कारण समोर माणसं बसली की सगळेच आणखी जोरात गातात.

हे आधीच करायचं, त्याला आणखी एक कारण आहे. मॉनिटरचा ऑक्स बहुधा प्री-फेडर असतो, म्हणजे फेडर हलवला तरी मॉनिटर बदलत नाही, पण तो गेनच्या नंतर येतो, त्यामुळे गेन हलला की मॉनिटरही हलतो. मी कार्यक्रमात गेन खाली घेतला आणि गायिकेच्या मॉनिटरमधला आवाजच गेला. गाता गाता ती डाव्या हाताने "वर, वर" अशी खूण करत होती, आणि मी ते बघून पुन्हा गेन वाढवला. पुन्हा फाटला.

गेन झाला की फेडर शून्याच्या आसपास. तिथे खुणा विरळ असतात, बोटभर हलवलं तर थोडंच बदलतं. तळाशी तेवढ्यातच दहा-वीस डेसिबलची उडी. शून्यावर फारच मोठं वाटलं तर मास्टर किंवा अ‍ॅम्प कमी करा, गेनला हात नको.

गायकाच्या चॅनलला लो-कट (खालची घरघर कापणारं बटण) ८० ते १०० हर्ट्झवर. ईक्यूमध्ये वाढवण्याआधी कापून बघा. स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत जाऊन शिट्टी आली तर आधी माईकची जागा बदला: कार्डिऑइड (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारा) असेल तर मॉनिटर त्याच्या पाठीमागे हवा. नको ते माईक म्यूट. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची साधारण ३ डेसिबलची जागा जाते. लॅपटॉप लाइन इनपुटला जोडा, माईकच्या इनपुटला नाही.

शेवटी सेटिंगचा फोटो काढा. बंद करताना स्पीकर आधी.

आणि गायक उशिरा आले, "चेक नको, थेट सुरू करू" म्हणाले, तर गेन तुम्हाला वाटतो त्याहून १० डेसिबल खालीच ठेवा. मग फेडरने वर आणता येईल.