अमेरिकेतील महिला महाविद्यालय निवडताना

अमेरिकेत पदवीचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या मुलीच्या घरी महाविद्यालयांची यादी बहुधा नावलौकिकावरून तयार होते आणि पैशांचा विषय प्रवेश मिळाल्यानंतर निघतो. हा क्रम बदलावा, मात्र संकेतस्थळावरील वार्षिक खर्चाचा आकडा पाहून एखादे नाव लगेच खोडूही नये, कारण आर्थिक मदत मिळाल्यास प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम त्याहून बरीच कमी असू शकते. त्या रकमेचा अंदाज देणारा ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ २०११ पासून तेथील बहुतेक महाविद्यालयांना संकेतस्थळावर ठेवावा लागतो. तो अमेरिकी कुटुंबांसाठी बनवलेला असल्याने भारतातून अर्ज करणाऱ्यांनी त्याचा आकडा ढोबळच मानावा.

‘फाफसा’ या अर्जावर मिळणारी सरकारी मदत अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्यासारख्या पात्र रहिवाशांपुरती आहे. इतरांची भिस्त महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीवर असते आणि त्यासाठी अनेक ठिकाणी ‘सीएसएस प्रोफाइल’ हा कुटुंबाच्या आर्थिक स्थितीची माहिती देणारा अर्ज भरावा लागतो. वेलस्ली, बर्नार्ड यांसारखी महिला महाविद्यालये परदेशी विद्यार्थिनींना प्रवेश देताना त्यांची मदतीची गरजही विचारात घेतात, त्यामुळे मदत न मागितलेलीच बरी असे काहींना वाटते. हा धोकादायक हिशेब आहे, कारण अर्जाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थिनीचा पुढील वर्षांत विचार होण्याची शक्यता अनेक ठिकाणी जवळपास नसते. ही दोन्ही महाविद्यालये केवळ गरजेनुसार मदत देतात. माउंट होल्योकमध्ये गुणवत्तेवरही शिष्यवृत्ती मिळते. पैशांची खरोखर चिंता असेल, तर प्रवेश स्वीकारण्याचे आधीच वचन घेणाऱ्या ‘अर्ली डिसिजन’पेक्षा नियमित फेरी बरी, म्हणजे वेगवेगळ्या महाविद्यालयांची मदतीची पत्रे शेजारी ठेवून पाहता येतात.

ती पाहताना एकूण खर्चातून फक्त शिष्यवृत्ती आणि अनुदान वजा करावे. कर्ज आणि कॅम्पसवरील कामाची अपेक्षित कमाई यांनाही पत्रात ‘मदत’च म्हटलेले असते, पण त्यांनी खर्च कमी होत नाही. मदत चारही वर्षे टिकेल का, आणि शुल्क वाढल्यास तीही वाढेल का, हे लेखी विचारावे.

महिला महाविद्यालय मुलीला मानवेल का, हा प्रश्न मात्र आकड्यांनी सुटत नाही. पालकांना ते ‘सुरक्षित’ वाटते, म्हणून निवडणे हे माझ्या मते सर्वांत कच्चे कारण आहे. तिथल्या मुली स्वतंत्रपणेच राहतात आणि पुरुषांशी संबंध येणार नाही अशी व्यवस्था कुठेही नसते. वेलस्लीच्या विद्यार्थिनी एमआयटीत विषय घेऊ शकतात, बर्नार्डच्या कोलंबिया विद्यापीठात, तर स्मिथ आणि माउंट होल्योकच्या विद्यार्थिनींना अ‍ॅमहर्स्ट कॉलेज व मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे वर्ग खुले असतात. न्यूयॉर्कमधले बर्नार्ड आणि लहान गावातले माउंट होल्योक यांत ‘महिला’ या शब्दापलीकडे साम्य थोडेच आहे, म्हणून पारख त्या-त्या संस्थेची करावी. मुलीच्या विषयातील कोणते अभ्यासक्रम गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष शिकवले गेले, हे पाहावे. अभियांत्रिकी हवी असेल, तर ती स्मिथमध्ये आहे, सर्वत्र नाही. सध्याच्या दोन-तीन विद्यार्थिनींशी मुलीने स्वतः बोलावे, आई-वडिलांनी नव्हे.

संस्था टिकेल का, हेही तपासावे लागते. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये जिथून डॉक्टर झाल्या, ते पेनसिल्व्हेनियाचे महिला वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या सुमारास पुरुषांनाही खुले झाले. कॅलिफोर्नियातील मिल्स कॉलेज २०२२ मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठात विलीन झाले. लहान महाविद्यालयाची विद्यार्थिसंख्या सतत घटत असेल, तर मदतीच्या आश्वासनाकडेही सावधपणे पाहावे.

नियमित फेरीत प्रवेश स्वीकारण्याची मुदत साधारणतः १ मे असते. तोवर मदतीचे पत्र हाती आले नसेल, तर अनामत भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला लिहून मुदत वाढवून मागावी.