कृष्णाकाठचा पूर रडारच्या चित्रांवरून कसा मोजायचा

ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, कागवाड, अथणी, रायबाग या पट्ट्याचं साधं उपग्रहचित्र उघडलं, तर ढगांखेरीज काही हाती लागत नाही. सेंटिनल-२ या उपग्रहाची रंगीत चित्रं देखणी खरी, पण शिवारात पाणी असताना ती कामाची नाहीत. पुरासाठी सेंटिनल-१ हा रडारचा उपग्रह घ्यायचा. त्याचं रडार ढगांच्या आरपार आणि रात्रीही बघतं. गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेवर ही चित्रं तयार असतात, आपल्या संगणकावर काही उतरवून घ्यावं लागत नाही.

गूगल खात्यावर आधी एक क्लाउड प्रोजेक्ट उघडा आणि तो अर्थ इंजिनसाठी नोंदवा. अभ्यासासाठी असेल तर बिगर-व्यावसायिक वापर निवडा. प्रोजेक्ट न जोडता कोड एडिटर (अर्थ इंजिनची कोड लिहायची खिडकी) चालवला की पहिल्याच रनला लाल अक्षरं येतात.

मग नकाशावर हातानेच हद्द काढा. जिल्ह्याची तयार सीमा इथे गैरसोयीची ठरते, कारण पाणी राज्याची हद्द बघून थांबत नाही. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते, दूधगंगा कल्लोळ-यडूरच्या बाजूला. त्यामुळे चौकट शिरोळ तालुक्यातून सुरू करून कुडचीच्या पुढे न्या.

कॅटलॉगमध्ये सेंटिनल-१ जीआरडी (जमिनीच्या मापात बसवलेली रडारचित्रं) शोधा, इम्पोर्ट करा आणि चार गाळण्या (फिल्टर) लावा: आपली हद्द, आयडब्ल्यू मोड (जमिनीवर नेहमी वापरला जाणारा रुंद पट्ट्याचा मोड), व्हीव्ही ध्रुवीकरण (लहर उभी पाठवून उभीच टिपलेली) आणि कक्षेची एकच दिशा. एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक चित्राचा सापेक्ष कक्षा-क्रमांक (उपग्रहाच्या ठरलेल्या वाटेचा क्रमांक) प्रिंट करून पाहा आणि पुराआधीचं व पुरातलं चित्र एकाच क्रमांकाचं घ्या. क्रमांक वेगळा म्हणजे रडारचा कोन वेगळा. मग कोरडं रानही बदललेलं दिसतं आणि आकडा फुगतो.

२०१९ च्या पुरासाठी आधीचा काळ १० ते २५ जुलै आणि पुराचा काळ ५ ते १७ ऑगस्ट धरून बघा. तारखेच्या गाळणीत शेवटचा दिवस मोजला जात नाही, हे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. एक उपग्रह त्याच वाटेवर १२ दिवसांनी परततो, म्हणून खिडकी तेवढी तरी हवी. आधीच्या काळात एकाहून जास्त चित्रं मिळाली तर त्यांचा मध्यक (मीडियन, म्हणजे क्रमाने मधलं मूल्य) काढा. पुरातल्या चित्रांचा मात्र मध्यक काढू नका. पाणी चढताना आणि उतरल्यावरची चित्रं एकत्र झाली की पूरच पुसला जातो. एकच तारीख निवडा आणि ती नकाशावर लिहा. पाण्याची सर्वांत वरची पातळी त्याच दिवशी होती, असं गृहीत धरू नका.

दोन्ही चित्रांवर ५० मीटर त्रिज्येचा फोकल मीडियन (प्रत्येक पिक्सेलला आजूबाजूच्या पिक्सेलांचा मध्यक देणारी गाळणी) लावला की रडारचे दाणे, म्हणजे चित्रातले खरखरीत ठिपके, बसतात. आता पुरातल्या चित्रातून आधीचं वजा करा. फरक उणे ३ डेसिबल (संकेताची ताकद सांगणारं एकक) किंवा त्याहून खाली, आणि पुरातलं मूल्य उणे १५ डेसिबलच्या खाली, अशा दोन्ही अटी लावा. ३ डेसिबलची घट म्हणजे परत येणारा संकेत निम्म्यावर. शांत पाणी आरशासारखं रडारची लहर दुसरीकडे फेकतं, म्हणून ते काळं दिसतं. उणे १५ ही फक्त सुरुवात. हिस्टोग्राम (कोणत्या मूल्याचे किती पिक्सेल ते दाखवणारा आलेख) काढा आणि दोन उंचवट्यांमधल्या खळग्यात आपला आकडा बसवा. ही मूल्यं आधीच डेसिबलमध्ये असतात. त्यांचा पुन्हा लॉग घेतला तर चित्र रिकामं येतं.

बारमाही पात्र वगळण्यासाठी जेआरसी या युरोपीय संशोधन केंद्राच्या भूपृष्ठजल नकाशातून वर्षात १० महिने किंवा जास्त पाणी असलेले पिक्सेल काढून टाका. खानापूर-जांबोटीकडे काम असेल तर ५ अंशांहून जास्त उतारही वगळा, नाहीतर डोंगराची रडार-सावली पाणी म्हणून मोजली जाते. त्याच भागात लावणीच्या भातखाचरांतलं पाणीही पूर वाटतं. सोसाट्याचा वारा असला की उलटं होतं: लाटांमुळे व्हीव्हीमध्ये पाणी उजळतं. तेव्हा व्हीएच ध्रुवीकरण (लहर उभी पाठवून आडवी टिपलेली) पडताळून बघा.

क्षेत्रफळासाठी पिक्सेल-क्षेत्राला आपल्या मास्कने (पाणी असेल तिथे १, नसेल तिथे ०) गुणा, बेरीज करा आणि स्केल १० लिहायला विसरू नका. ‘पिक्सेल फार झाले’ अशी तक्रार आली तर मॅक्सपिक्सेल्सची मर्यादा वाढवा. चौरस मीटरला ४०४७ ने भागलं की एकर. १० मीटरचा पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, जवळपास एक गुंठा. पण म्हणून गुंठ्यागुंठ्याचा हिशेब मांडू नका. रडारची खरी बारकाई साधारण २० मीटरची आहे, त्यात दाणे बसवताना काठ आणखी पुसट होतात. पाच-सहा गुंठ्यांचे सुटे ठिपके गाळून टाका.

आता खरी अडचण: ऊस. सेंटिनल-१ ची लहर साडेपाच सेंटिमीटरची, दाट पानांतून ती खाली पोचत नाही. डोक्याएवढ्या उसात कमरेएवढं पाणी असलं तरी नकाशा ते रान कोरडं दाखवतो. नदीकाठी ऊसच जास्त असल्याने येणारा आकडा उघड्या पाण्याचा, म्हणजे किमान आकडा समजा. चारही बाजूंनी पाणी आणि मध्ये कोरडी बेटं दिसली, तर त्यांची उंची आजूबाजूच्या रानाशी ताडून बघा. उंची सारखीच असेल तर ती बेटं वेगळ्या रंगात ‘संशयित बुडीत’ म्हणून दाखवा. सपाट रानात ३० मीटर पिक्सेलच्या एसआरटीएम या उंचीच्या नकाशातली उंची काही मीटर चुकते, म्हणून तिच्यावर एकटीवर निकाल देऊ नका.

ढग हटल्यावर, ऑक्टोबरमध्ये, सेंटिनल-२ च्या बी८ आणि बी४ पट्ट्यांवरून एनडीव्हीआय (पिकाचा हिरवेपणा सांगणारा निर्देशांक) काढा आणि संशयित प्लॉट पूररेषेच्या वरच्या, न बुडालेल्या उसाशी ताडा. गेल्या वर्षीच्या त्याच प्लॉटशी तुलना फसवी ठरते, कारण लावण आणि खोडव्याची वाढ वेगळी असते.

शेवटी २०-२५ ठिकाणी पायी जाऊन पानांवरची गाळाची रेघ आणि भिंतीवरची पाण्याची खूण बघा. सर्व्हे नंबर कर्नाटक सरकारच्या दिशांक ॲपवर मिळतो. उघड्या रानातले चारपेक्षा जास्त बिंदू चुकले तर उंबरठा (उणे १५ च्या जागी बसवलेला आपला आकडा) अर्ध्या डेसिबलने सरकवून नकाशा पुन्हा काढा. उसातले बिंदू या हिशेबात धरू नका.