‘ही हाडं कोणत्या थरातली?’ : पुरातत्त्वाची पुस्तकं वाचायला शिकताना

माझ्या पहिल्या निबंधावर शिक्षकांनी लाल शाईने एकच ओळ लिहिली होती : ‘ही हाडं कोणत्या थरातली?’

निबंध मोहेंजोदडोच्या अंताविषयी होता. शहरावर आक्रमण झालं, माणसं घरांत आणि गल्ल्यांत कापली गेली, सांगाडे जागच्या जागी पडून राहिले, असं मी लिहिलं होतं. हे माझ्या मनचं नव्हतं. ग्रंथालयातल्या एका जाडजूड पुस्तकात मॉर्टिमर व्हीलर यांचा हवाला देऊन तसंच छापलं होतं. व्हीलर म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक, थर ओळखत खणण्याची शिस्त ज्यांनी आपल्याकडच्या एका पिढीला लावली ते. त्यांच्या विधानावर शंका घ्यावी असं मला सुचलंसुद्धा नाही.

त्या ओळीचं उत्तर शोधताना मी जे शिकलो, ते नव्याने या विषयाकडे वळणाऱ्यांना सांगावंसं वाटतं.

व्हीलर यांनी १९४६ मध्ये हडप्प्याची तटबंदी खणली. ऋग्वेदात इंद्राला ‘पुरंदर’ म्हटलंय, पुरं फोडणारा. तटबंदी हाती लागली तेव्हा ही ती पुरं असावीत असं त्यांना वाटलं. मोहेंजोदडोचे सांगाडे तर आधीच, १९२०च्या दशकापासूनच्या खोदकामांत निघालेले होते. तट, सांगाडे आणि ऋचा यांची एक गोष्ट तयार झाली, आणि ती इतकी घट्ट बसली की पुढे कित्येक पुस्तकांतून तशीच उतरत गेली. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. सगळे सांगाडे एका थरातले, म्हणजे एकाच काळातले नव्हते. शेवटची झुंज जिथे व्हायला हवी, त्या बालेकिल्ल्यावर एकही नव्हता. पुढे प्राचीन सांगाड्यांचे अभ्यासक केनेथ केनेडी यांनी प्रत्यक्ष हाडं तपासली, तर मरतेवेळच्या जखमांच्या खुणा फारच थोड्या निघाल्या. हाडं तीच होती. कत्तल मात्र जमिनीतून निघालेली नव्हती, पुस्तकात झालेली होती.

तेव्हापासून मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारतो. डावीकडे ‘सापडलं’, उजवीकडे ‘म्हटलं’. पुस्तक कोणाचंही असो, वाचताना प्रत्येक महत्त्वाचं विधान यातल्या एका बाजूला टाकायचं. सुरुवातीला हे फार संथ चालतं, दिवसाला पाच-सहा पानं होतात. होऊ द्या. महिनाभरात लेखकाची वाक्यरचनाच सांगू लागते की आता तो मातीवरून उठून अंदाजाकडे निघाला.

सरावासाठी मी नेहमी इनामगाव सुचवतो. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातल्या गावाचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलं आणि धवळीकर, सांकलिया, अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये आला. तिथे लहान मुलांना दोन कुंभांची तोंडं एकमेकांना लावून त्यांत पुरलेलं आहे, तेही राहत्या घराच्या जमिनीखाली. मोठ्या माणसांची घोट्याखालची पावलं पुरण्याआधी तोडलेली आहेत. हे झालं ‘सापडलं’. मेलेला माणूस भूत होऊन पळून जाऊ नये म्हणून पावलं तोडली, हे ‘म्हटलं’. मग एक पाच खोल्यांचं घर येतं. त्याच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण, त्यात बसवलेला पुरुषाचा सांगाडा, आणि याची पावलं शाबूत. हा गावप्रमुख असावा, असं उत्खनकांनी म्हटलं. मला ते पटतं. पण का पटतं, हे स्वतःला विचारल्यावर घराचा आकार, रांजणाचं वेगळेपण आणि न तोडलेली पावलं अशी तीन कारणं मोजून सांगता आली, तेव्हा कुठे मी तो अहवाल वाचला असं म्हणू शकलो.

उत्खनन अहवाल हातात घेतला की पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आधी आकृत्या बघा. विशेषतः थरांचा छेद, म्हणजे खणलेल्या चराच्या उभ्या भिंतीचं रेखाचित्र. कुठला खड्डा कुठल्या थरातून खाली उतरलाय, कुठली जमीन कुठल्या भिंतीला भिडते, हे बोट फिरवत बघायचं. वरच्या थरातून खणलेला खड्डा खालच्या थरात शिरला की वरचं खापर खाली जाऊन बसतं, आणि ते लक्षात आलं नाही तर शतकांची गफलत होते. माझ्या लाल ओळीचा अर्थ मला असाच एक छेद तासभर बघितल्यावर समजला. त्यानंतर खापरांची चित्रं, मग कालमापनाचा तक्ता, आणि सगळ्यात शेवटी निष्कर्षाचं प्रकरण.

मराठी वाचकाला एक खास अडचण येते, ती ‘संस्कृती’ या शब्दाची. ‘सिंधू संस्कृती’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर नगरं, लेखन, व्यापार येतो. ‘जोर्वे संस्कृती’ म्हणताना मात्र पुरातत्त्वज्ञाला आधी भांडी दिसतात : तांबड्या पृष्ठभागावर काळी नक्षी, बाजूला तोटी असलेला तांब्या. प्रवरेकाठच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये ती उत्खननात मिळाली, म्हणून ते नाव. या दुसऱ्या अर्थाने संस्कृती म्हणजे एकत्र सापडणाऱ्या वस्तूंचा संच. ती माणसं स्वतःला एक समजत होती का, एकच भाषा बोलत होती का, हे खापर सांगत नाही. ‘अमुक संस्कृतीचे लोक आले’ असं वाक्य दिसलं की थांबा. लोक आले, की भांडी घडवायची रीत आली?

सालांच्या बाबतीतही सांभाळा. ‘तीन हजार वर्षांपूर्वी’ आणि ‘इ. स. पू. तीन हजार’ यांत जवळजवळ दोन हजार वर्षांचं अंतर आहे, आणि अनुवादित पुस्तकांत ही चूक मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहे. शास्त्रीय लेखांत ‘आजपूर्वी इतकी वर्षं’ असं लिहितात, तिथला ‘आज’ म्हणजे १९५० हे साल धरलेलं असतं. म्हणजे आजपूर्वी ३५०० हे इ. स. पू. १५५०च्या आसपास येतं. शिवाय पुस्तक कधीचं आहे ते बघायलाच हवं. विलार्ड लिबी या रसायनशास्त्रज्ञाच्या गटाने कार्बन-१४ ची, म्हणजे लाकूड, हाडं यांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याच्या पद्धतीची, पहिली कालमापनं १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधीच्या पुस्तकांतली प्रागैतिहासिक सालं बरीचशी तुलनेवरून बांधलेली आहेत. पुढे झाडांच्या वार्षिक वलयांशी ताडून पाहिल्यावर इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकातली कालमापनं काही शतकं मागे, म्हणजे अधिक जुन्या काळाकडे सरकली. त्यामुळे १९६०च्या दशकातल्या पुस्तकातलं कार्बनचं साल तसंच्या तसं आपल्या टिपणात उतरवू नये.

जुनी पुस्तकं टाकून द्यावीत असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. जुन्या अहवालातला ‘म्हटलं’ हा भाग शिळा होतो. ‘सापडलं’ हा भाग नीट नोंदवलेला असेल तर शंभर वर्षांनीही उपयोगी पडतो. डेल्स यांना जे उत्तर मिळालं ते जुन्या नोंदींतूनच मिळालं. खणलेली जागा पुन्हा खणता येत नाही, म्हणून तो कागद हाच पुरावा. याच कारणाने सुंदर छायाचित्रांची, हरवलेल्या महान संस्कृतींची पुस्तकं मी नवख्यांच्या हाती आधी देत नाही. त्यांत वस्तू असते, पण थर नसतो, सोबत काय मिळालं ते नसतं.

वारशाच्या जतनावरची पुस्तकं हा वेगळा अभ्यास आहे. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणारी १९६४ ची व्हेनिसची सनद आणि १९७२ चा युनेस्कोचा जागतिक वारसा करार हे दोन मजकूर मुळातून वाचले की बाकीची चर्चा कशावर चाललीय ते कळतं. दोन्ही छोटे आहेत.

ज्यांना यात पुढे काम करायचंय त्यांनी वाचन आणि मैदान फार दिवस वेगळं ठेवू नये. एका हंगामाच्या छावणीत खापरं धुणं, त्यांवर क्रमांक टाकणं, काठाचा तुकडा मोजून भांड्याचा व्यास काढणं हे केलं की अहवालातली कंटाळवाणी वाटणारी पानं बोलू लागतात. मला हाडांत रस आहे हे छावणीतच कळलं. कुणाला नाणी खुणावतील, कुणाला कोरीव लेख, कुणाला जळक्या धान्याचे दाणे. ते कळेपर्यंत सगळ्या जगाचा प्राचीन इतिहास वाचून काढायची घाई करू नका. एकच स्थळ घ्या आणि त्याच्यावर सहा महिने राहा : मूळ अहवाल, त्यावरची टीका, नंतरची कालमापनं, संग्रहालयातल्या त्याच वस्तू.

तो निबंध मी दुसऱ्यांदा लिहून दिला. शीर्षक बदललं नव्हतं, पण ‘कत्तल’ हा शब्द आता अवतरणचिन्हांत होता आणि प्रत्येक सांगाड्यापुढे तो कुठे, कोणत्या पातळीवर मिळाला ते लिहिलं होतं. जिथे नोंदच नव्हती तिथे ‘नोंद नाही’ असं लिहिलं होतं. शिक्षकांनी त्यातल्या एका ‘नोंद नाही’खाली रेघ मारली आणि समासात पुढच्या वाचनासाठी एका अहवालाचा पान क्रमांक लिहून दिला.