प्रोग्रॅमिंग भाषांचा इतिहास मांडताना या चुका टाळा

सेमिनारचे दिवस आले की कोल्हापुरातल्या कॉलेजांत तोच एक पीपीटी फिरायला लागतो. पहिल्या स्लाइडवरचं नाव आणि पीआरएन नंबर बदलतो, आतल्या चुका मात्र बॅचमागून बॅच जशाच्या तशा. राजारामपुरीत क्लास चालवतो म्हणून आदल्या रात्री हा माल ‘जरा बघता का सर’ म्हणत माझ्याकडे येतो. बहुतेक चुकांची जात एकच असते. एक भाषा, एक माणूस, एक साल, विषय संपला.

नासा आणि संस्कृत

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक, म्हणून आधी हिचाच समाचार. एका कॉलेजात पोस्टर स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. एका पोस्टरवर मधोमध रॉकेट आणि खाली ठळक अक्षरांत, ‘नासाने संस्कृतला कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा घोषित केले, १९८५’. विचारलं, “हे कुठं वाचलंस?” “ग्रुपवर आलंतं, सर.” “नासाच्या कुठल्या अहवालात आहे?” पोरगा शेजारच्याकडे बघतोय, शेजारचा पंख्याकडे. त्यांच्या मॅडम मध्ये पडल्या. “जाऊ दे की सर, आपल्या संस्कृतीचा विषय आहे. कशाला एवढं ताणताय?”

मी ताणलं. गंमत म्हणजे साल बरोबर होतं. नासाच्या एम्स केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांचा एक लेख १९८५ साली ‘एआय मॅगझिन’मध्ये आला. वाक्याचा अर्थ यंत्राला कळेल असा कसा मांडायचा, हा त्यातला प्रश्न. संस्कृत वैयाकरण वाक्याची ज्या काटेकोरपणे फोड करत, तिच्यात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या मांडणीत त्यांना साम्य दिसलं. प्रोग्रॅम संस्कृतात लिहा, असं त्यात काही नाही. शिवाय एका संशोधकाचा लेख म्हणजे संस्थेची घोषणा होत नाही.

खरं तर याहून भारी गोष्ट पोरांच्या हाताशी होती. जॉन बॅकस यांनी १९५९ साली प्रोग्रॅमिंग भाषेचं व्याकरण नियमांत लिहायची एक पद्धत मांडली. पीटर नाउर यांनी ती सुधारून अल्गोल ६० या भाषेच्या अहवालात वापरली. कंपायलरच्या पेपरला हमखास येणारा बीएनएफ, म्हणजे बॅकस-नाउर फॉर्म, तो हाच. १९६७ साली पीटर इंगरमन यांनी एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या मासिकात पत्र लिहून सुचवलं, की असल्या नियमांचं काम पाणिनीने फार आधी करून ठेवलंय, तेव्हा याला ‘पाणिनी-बॅकस फॉर्म’ म्हणा. पाणिनीच्या अष्टाध्यायीतली सुमारे ४,००० सूत्रं आणि छापील पत्र, एवढं सोडून फॉरवर्डच्या मागं लागायचं? त्या पोस्टरला मी नंबर दिला नाही. मॅडम चहालाही थांबल्या नाहीत.

जावा आणि जावास्क्रिप्ट

चंदगड आणि चंदीगडचं जेवढं नातं, तेवढंच या दोघींचं. जावा सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉस्लिंग यांनी घडवली. जावास्क्रिप्ट नेटस्केपच्या ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केली. आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि जावाची हवा होती म्हणून शेवटी हे नाव.

पायथनच्या स्लाइडवर अजगर लावू नका. नाव ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून आलंय. आणि तिला ‘आजकालची नवी भाषा’ही म्हणू नका. गिडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ मध्ये बाहेर काढली, जावाच्या चार वर्षं आधी.

कोबॉल ग्रेस हॉपर यांनी एकट्यांनी लिहिली नाही. १९५९ साली समिती बसली होती. हॉपरबाईंच्या आधीच्या फ्लो-मॅटिक या भाषेचा कोबॉलवर मोठा प्रभाव आहे, एवढं लिहा.

‘पहिली भाषा’ कुठली?

गाइडात छापलेलं असतं, फोरट्रान, १९५७. कुणाला जास्त शहाणपण सुचलं की एडा लव्हलेस, १८४३. एडाबाईंनी चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्रावर बर्नोली संख्या कशा काढायच्या याची पायरीवार मांडणी केली, आणि ते यंत्र पूर्ण बांधलंच गेलं नाही. ती कृती झाली, भाषा नव्हे. जर्मनीत कोनराड झूझे यांनी १९४२ ते १९४५ मध्ये प्लानकाल्क्युल नावाची भाषा रचली, पण ती सगळी छापून यायला १९७२ उजाडलं. मँचेस्टरला ॲलिक ग्लेनी यांचा ऑटोकोड १९५२ मध्ये चालत होता. मग फोरट्रानचं एवढं कौतुक का? यंत्राने तयार केलेला कोड माणसाने हाताने लिहिलेल्याच्या तोडीचा निघेल, यावर तेव्हा कुणाचा विश्वास नव्हता. आयबीएममध्ये बॅकस यांच्या चमूने तो निघतो हे दाखवलं.

मी वहीत प्रत्येक भाषेपुढं तीन रकाने आखतो. कागदावर कधी आली, यंत्रावर कधी चालली, लोकांच्या हातात कधी पडली. सी++ घ्या. १९७९ ला ‘सी विथ क्लासेस’ म्हणून काम सुरू, १९८३ ला आजचं नाव, १९८५ ला बाजारात. पोरं कावतात, “सर, एकच साल सांगा की, ऑप्शन एकच असतोय.” परीक्षेत खुशाल फोरट्रानवर टिक कर बाबा. सेमिनारला पंधरा मिनिटं मिळतात, तिथं कसली घाई?

सीचा जन्म

‘आधी ए, मग बी, मग सी’ हे कुणीतरी बसल्याजागी रचलेलं आहे. मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल, तिच्यावरून केन थॉम्प्सन यांची बी, आणि तिच्यातून बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांची सी, १९७२ च्या सुमारास. आणि कृपा करून त्या स्लाइडवर टर्बो सी या सॉफ्टवेअरचा निळा पडदा डकवू नका. टर्बो सी बोरलँड कंपनीने १९८७ साली आणलं. आपल्या लॅबमध्ये अजून डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवायचं सॉफ्टवेअर) तोच पडदा उघडतात, म्हणून प्रोग्रॅमच्या सुरुवातीला लिहायचे कोनिओ डॉट एच आणि व्हॉइड मेन म्हणजेच सी, असा पोरांचा समज होतो. कोनिओ तर सीच्या प्रमाणित आवृत्तीत कधी नव्हतंच. सी कशी घडली हे रिची यांनी स्वतः १९९३ साली लिहून ठेवलंय. इंटरनेटवर फुकट आहे, एका बैठकीत वाचून होतं.